शिळा आकडा

माझ्या कामाची टिंगल न करता दादा माझ्याशी बोलला, असं आजवर एकदाच झालं, आणि ते त्या दुपारी.

एरवी तो चारचौघांत माझी ओळख करून देतो ती अशी: "ही आमची ठमी. हिच्या ऑफिसात आकडे शिळे होतात, ही ते गरम करून वाढते." मग स्वतःच खो खो हसतो. वहिनी तेवढ्यात त्याला गप्प करते. "कळत नाही त्यातलं बोलू नये माणसानं," असं ती म्हणाली की दादा वर्तमानपत्रात तोंड खुपसतो. ती घरात आल्यापासून माझी बाजू घेणारं एक माणूस मला मिळालं आहे. तिला माझं काम कळतं असं नाही, पण एकदा तिनं ते नीट विचारून घेतलं होतं, आणि मी सांगितलं तेव्हा जांभई न देता ऐकलंही होतं. आमच्या घरात हे फार झालं.

तिला सांगितलं तेच इथे सांगते. शहरातल्या सगळ्या रुग्णालयांच्या रक्तपेढ्यांची नोंद आमच्या एका डेटाबेसमध्ये होते. रक्ताची पिशवी फ्रिजमध्ये गेली की स्कॅन, बाहेर पडली की स्कॅन. अशा नोंदींचा वर्षानुवर्षांचा डोंगर साचला आहे. आत्ता कुठे, कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, हे विचारलं तर मशीनला तो सगळा डोंगर उपसावा लागतो, आणि त्यात त्याला धाप लागते. म्हणून ते उत्तर एकदाच काढून बाजूला साठवून ठेवायचं. त्याला मटेरियलाइज्ड व्ह्यू म्हणतात. घरात घागर भरून ठेवली की तहान लागेल तेव्हा विहिरीवर धावावं लागत नाही, तसंच. दर थोड्या वेळानं घागर ओतून नवी भरायची, ते रिफ्रेश. आणि सगळ्या रुग्णालयांच्या काउंटरवरची स्क्रीन पाहते ती ही घागर. विहिरीत कुणी डोकावत नाही.

"आणि घागर भरायची राहिली तर?" वहिनीनं विचारलं होतं.

"आपोआप भरते गं," मी म्हणाले होते.

त्या दुपारी दादाचा फोन आला तेव्हा आधी मला वाटलं, मुलगा की मुलगी ते सांगायला केला असेल. वहिनी बाळंतपणाला रुग्णालयात होती, आणि सकाळपासून आम्ही त्याच बातमीकडे डोळे लावून बसलो होतो.

"ठमे, रक्त कुठे आहे ते बघ."

त्याचा आवाज ओळखूच येईना. मुलगी झाली होती, ती ठणठणीत होती. पण वहिनीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट असा, की शंभर दात्यांची रांग लावली तरी सापडेलच याची खात्री नाही. तिच्यासाठी आदल्या दिवशीच रक्तपेढीतून वर आणून ठेवलेलं रक्त संपलं होतं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की अजून एक पिशवी लवकर मिळाली तर आम्ही तिला सांभाळू. मिळाली नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि दादानं विचारलं नाही.

"इथले काउंटरवाले म्हणतात, आमच्याकडे शून्य. तू बघ ना. तुझं ते आहे ना सगळं."

मी स्क्रीन उघडली. वहिनीच्या रुग्णालयापुढे शून्य. खाली सगळीकडे शून्य. फक्त नदीपलीकडच्या मुलांच्या रुग्णालयापुढे दोन. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ अगदी त्या मिनिटाची वेळ दाखवत होतं.

"दादा, नदीपलीकडे. मुलांचं रुग्णालय. दोन आहेत. पळ!"

तो पळाला.

मी त्या दोनच्या आकड्याकडे एकटक पाहत बसले, जणू मी नजर हलवली तर तो उडून जाईल. आणि मग, सवय म्हणा, नजर शेजारच्या रांगेवर गेली. सगळ्यात जास्त खपणारा गट. अपघाताच्या रुग्णालयात त्याचा आकडा मिनिटामिनिटाला खाली-वर होतो. सकाळी पर्स खुर्चीला अडकवताना मी तो पाहिला होता. आताही तोच होता. जेवून आल्यावर पाहिला होता, तेव्हाही तोच असावा. मी पान पुन्हा उघडलं. घड्याळ पुढे सरकलं. आकडा तसाच.

मी नोंदींची फाइल उघडली.

रिफ्रेशच्या नोंदी जिथे पडतात ती फाइल कुणी उघडत नाही, कारण तिथे नेहमी 'झालं, झालं, झालं' एवढंच असतं. त्या दिवशी मध्यरात्रीपासून तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा होती. परवान्याची मुदत संपली आहे, ही सुविधा उपलब्ध नाही. या डेटाबेसची एक साधी आवृत्ती असते आणि एक मोठी. रिफ्रेशची सोय फक्त मोठ्या आवृत्तीत. तिचा परवाना संपला की मशीन बोंब मारत नाही, बंदही पडत नाही. जुनी घागर तशीच ठेवतं आणि जो येईल त्याला त्यातलंच पाणी देतं.

म्हणजे ते दोन रात्रीचे होते. आणि दादा त्यांच्या मागे शहर ओलांडत होता.

मी साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. साहेब वाईट माणूस नाही. पण समोरची वस्तू चालू दिसली की ती चालू आहे, एवढ्यावर त्यांचा सगळा कारभार.

"परवाना संपलाय. आकडे रात्रीचे आहेत."

"असं कसं? नूतनीकरणाच्या कागदावर मी गेल्या आठवड्यात सही केली." त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे पाहिलं. "आणि बघ ना, चालू आहे की. वेळसुद्धा बरोबर दाखवतेय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते घड्याळ त्यांचीच हौस होती. लोकांना ताजं वाटलं पाहिजे, असं त्यांनी बैठकीत सांगितलं, आणि आमच्यातल्या कुणीतरी कोपऱ्यात घड्याळ लावून दिलं. आकडे कधीचे आहेत ते घड्याळ सांगत नाही. तुम्ही पान कधी उघडलंत ते सांगतं. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मीही वाजवल्या असतील.

"साहेब, माझी वहिनी ऑपरेशनच्या टेबलावर आहे," मी म्हणाले, आणि मग मात्र ते उठले.

परवाना देणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्रात एक बाई भेटली. आवाज इतका गोड, की फोनमध्ये हात घालून तिचा गळा धरावासा वाटला.

"तुमचा परवाना काल संपलेला दिसतोय, मॅडम."

"नूतनीकरण झालंय. तुमची पोच आलीय आमच्याकडे. नवीन किल्ली, म्हणजे तो कोड, पाठवा फक्त."

"हो, झालं असेल, मॅडम. पण माझ्या स्क्रीनवर अजून दिसत नाहीये. आमची स्क्रीन रात्री ताजी होते."

मला हसू आलं, आणि त्या हसण्याची मलाच भीती वाटली.

"बाई," मी म्हणाले, "तुमच्या समोर जे आहे ना, ती स्क्रीन आहे. तिच्यामागे मूळ नोंदींचं खरं टेबल आहे. तिथे कुणाला तरी जाऊन बघायला सांगा. इथे एक माणूस मरायला टेकलंय."

"मी वरती कळवते, मॅडम. थोडा वेळ लागेल. तुम्ही लाइनवर थांबाल का?"

फोन साहेबांच्या हातात कोंबला आणि माझ्या मोबाइलवरून मुलांच्या रुग्णालयाच्या रक्तपेढीला लावला. तिथे एक ध्वनिमुद्रित पुरुष म्हणाला, "साठ्याच्या चौकशीसाठी कृपया फोन करू नये. स्क्रीन पाहावी." दुसरीकडे लावला. तोच पुरुष. तिसरीकडेही तोच. हा आमच्याच कार्यालयाचा नियम. स्क्रीन आली तेव्हा रक्तपेढ्यांमधली माणसं फोन उचलून उचलून थकली होती, म्हणून आम्ही त्यांची सुटका केली होती. आता सगळ्या शहरात मला उत्तर द्यायला एक माणूस उरला नव्हता.

उरली होती विहीर.

सरळ मूळ नोंदींनाच प्रश्न विचारणारी क्वेरी चालवायची, एकाच गटासाठी. परवाना लागत नाही, फक्त डोंगर उपसायचा. पण ती दिवसा चालवायची नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम. ती चालू असली की मशीनला दुसरं काही सुचत नाही, आणि रुग्णालयांतले स्कॅन अडकतात. स्कॅन झाल्याशिवाय पिशवी काउंटरबाहेर जात नाही.

मी खुर्चीत बसले आणि क्वेरी लिहायला घेतली. साहेबांनी फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"ए, काय करतेस? दिवसा? सगळे काउंटर अडकतील!"

मी बटण दाबलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग टेबलावरचा तक्रारींचा फोन वाजला. अपघाताच्या रुग्णालयातून एक बाई बोलत होती, वैतागून नाही, घाबरून.

"स्कॅन होत नाहीये हो. पिशवी माझ्या हातात आहे, पेशंट आत आहे. काय करू?"

"एक मिनिट थांबा," मी म्हणाले.

"मिनिट कुठून आणू मी?"

साहेब मागून ओरडत होते, "बंद कर ती, आत्ताच्या आत्ता बंद कर." माझं बोट बंद करायच्या बटणावर होतं. खरं सांगते, मला त्या क्षणी त्या पेशंटबद्दल काही वाटत नव्हतं. बाई होती की बाप्या, कुणाचं कोण, मला काही नको होतं. मला वहिनी हवी होती. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती, आणि तरी बोट खाली जाईना.

"होईल, होईल आता," मी त्या बाईला सांगत राहिले. तिनं रडवेल्या आवाजात कुणाला तरी हाक मारली. आणि माझ्या स्क्रीनवर उत्तर आलं. पलीकडून बाई ओरडली, "झालं, झालं!" आणि फोन कट झाला.

उत्तरात दोनच ओळी होत्या. मुलांचं रुग्णालय: दोन्ही पिशव्या पहाटे दिलेल्या. आणि दुसरी ओळ. त्या दिवशी सकाळी आलेली एक पिशवी, अजून बाहेर न गेलेली. रुग्णालयाचं नाव मी वाचलं. पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं.

वहिनी होती तेच रुग्णालय. ती वरच्या मजल्यावर आणि पिशवी तळमजल्यावरच्या फ्रिजमध्ये.

आईला फोन लावला. ती शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराबाहेर बसलेली, गुडघ्यांनी अधू, आणि घाबरली की सगळ्यांवर खेकसणारी.

"आई, तळमजल्यावर रक्तपेढी आहे, तिथे जा. फोन चालू ठेव."

"मी इथून हलणार नाही. डॉक्टर बाहेर आले तर?"

"आई, रक्त तिथेच आहे! खालीच आहे! ऊठ!"

ती उठली. मला तिच्या चपलांचा आवाज येत होता, जिन्यावरचं "आई गं" येत होतं, आणि मी इथे बसून तिचा एकेक पाय उचलत होते.

"ए बाळा," ती कुणाला तरी म्हणाली, "माझ्या सुनेचं रक्त आहे तुझ्याकडे. दे."

"आजी, मघाशी सांगितलं ना त्या दादांना. आमच्याकडे शून्य आहे."

"आई, फोन त्याला दे," मी म्हणाले. त्यानं घेतला. "मी साठ्याच्या कार्यालयातून बोलतेय. तुमची स्क्रीन शिळी आहे. आज सकाळी एक पिशवी आलीय. फ्रिज उघडून बघा."

"मॅडम, मी दुपारी आलो ड्यूटीवर. आणि फ्रिज उगाच उघडायचा नाही. दारावर लिहिलंय, उघडण्याआधी स्क्रीन पाहा. थंडी जाते आतली."

तो कागदही आम्हीच छापून पाठवला होता. मी काही बोलायच्या आत आईचा आवाज आला, थेट त्याच्या कानाशी असावी.

"उघड ते दार. नाहीतर मी उघडते."

दार उघडल्याचा आवाज आला. खण ओढल्याचा. दुसरा खण. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आहे."

पण फोनवर एक कर्कश पीप ऐकू आली, आणि पुन्हा तीच पीप.

"मॅडम, घेत नाहीये. 'साठा शून्य, पिशवी देता येणार नाही' म्हणतंय."

अर्थात म्हणणारच. पिशवी देण्याआधी स्कॅनर त्याच साठवलेल्या व्ह्यूला विचारतो, शिल्लक आहे का. व्ह्यू रात्रीच्या झोपेतून सांगतो, नाही.

"तशीच द्या," मी म्हणाले. "माझ्या जबाबदारीवर. हवं तर लिहून देते."

"माझी नोकरी जाईल, मॅडम. स्कॅनशिवाय एक पिशवी गेली तरी..."

"बाळा," आई म्हणाली. ती आता खेकसत नव्हती. "ही तुझ्या हातात आहे ना? तुला दिसतेय ना? मग शून्य कशी?"

मग कानावर फक्त धावणाऱ्या पावलांचा आवाज आला, लांब लांब जाणारा, आणि आईचं ओरडणं, "अरे, जपून! पडशील!"

तेवढ्यात दादाचा फोन. "ठमे, इथे काही नाही म्हणतात. पहाटेच संपलं म्हणतात. ठमे, मिळालं का? कुठे जाऊ मी?" मी म्हणाले, "मागे फिर, तिच्याकडे जा, मिळालंय." पलीकडे तो माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. माझ्यापेक्षा हातभर उंच आहे तो.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. साहेब त्या गोड आवाजाच्या बाईच्या वरच्यांशी, आणि त्यांच्याही वरच्यांशी बोलत होते. टेबलावरचं पाणी कुणीतरी माझ्याकडे सरकवलं. मी काचेतून रस्त्याकडे पाहत बसले. लोक चालत होते, एक बाई छत्री उघडायची खटपट करत होती, आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता. वहिनीनं विचारलं होतं, घागर भरायची राहिली तर? एवढा सोपा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत कुणी विचारला नव्हता.

आईचा फोन आला. "जुळवून पाहिलं आणि चढवलं. डॉक्टर म्हणाले, रक्त थांबतंय." आणि मग, "पोरीचं नाक तुझ्यावर गेलंय."

माझा जीव भांड्यात पडला. मी टेबलावर डोकं टेकलं आणि लाज न बाळगता रडले. साहेबांनी माझ्या पाठीवर थोपटलं, अवघडून, टेबल थोपटावं तसं.

"आता रडू नको. किल्ली आली बघ," ते म्हणाले. कंपनीत शेवटी कुणीतरी खरं टेबल उघडून पाहिलं होतं. साहेबांनी स्वतः वाकून किल्ली घातली आणि रिफ्रेशचं बटण दाबलं, एखाद्या इमारतीचं उद्घाटन करावं तसं. भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळे आकडे थरथरले आणि बदलले. "झालं! आता सगळं खरं."

मी डोळे पुसून वर पाहिलं.

वहिनीच्या गटाच्या रांगेत सगळ्या शहरात शून्य होतं. मुलांच्या रुग्णालयापुढे शून्य. फक्त वहिनीच्या रुग्णालयापुढे एक.

ती पिशवी बाहेर गेल्याचा स्कॅन झालाच नव्हता. ती वहिनीच्या नसांमध्ये होती, आणि नोंदींच्या हिशेबानं फ्रिजमध्ये. आणि मी पाहत असतानाच त्या एकच्या शेजारी लाल खूण उमटली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयानं ती राखून ठेवली होती. नातेवाईक निघाले आहेत, असं खाली लिहिलेलं, आणि एक मोबाइल नंबर.

मी तळमजल्यावरच्या रक्तपेढीला फोन लावला. "साठ्याच्या चौकशीसाठी कृपया फोन करू नये," तो पुरुष म्हणाला. मग मी तो मोबाइल नंबर फिरवला. दोनदा चुकला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला. मी 'हॅलो' म्हणतेय तोच एक माणूस धापा टाकत बोलू लागला. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"हो, हो, निघालोय मी, अर्ध्या वाटेत आहे. ताई, ठेवलीय ना ती पिशवी?"